जीपचा पुढचा ॲक्सल पिसाळतो तेव्हा

ताशी सत्तर-पंचाहत्तरचा वेग, सरळ रस्ता, स्टिअरिंगवर सैलसर हात. पुलाचा सांधा येतो आणि पुढचं एक चाक त्यावर आपटतं. एरवी असा दणका क्षणभरात जिरून जातो. या खेपेला तो जिरत नाही, उलट वाढत जातो. सेकंदाभरात स्टिअरिंग इतक्या जोराने डावी-उजवीकडे फेकलं जायला लागतं की धरवत नाही. डॅशबोर्ड खडखडतो, आरशात नुसती थरथर दिसते, आणि वेग पार खाली येईपर्यंत हे थैमान चालू राहतं. अमेरिकेतले जीपवाले याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. नाव भडक आहे खरं, पण ज्याच्या हातात स्टिअरिंग असं पिसाळलं आहे त्याला ते भडक वाटत नाही.

असं झालं तर काय करायचं ते आधी सांगून टाकतो, कारण ते थोडकं आहे. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पण त्याच्याशी झटापट करायची नाही. प्रत्येक हिसक्याला उलटा हिसका दिला की हलण्यात आपलीही भर पडते. अंगठे चक्राच्या आतल्या आऱ्यांत अडकवायचे नाहीत, मनगट मुरगळतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक हळूहळू दाबत वेग उतरवायचा आणि कडेला थांबायचं. जोर देऊन, वेग वाढवून त्यातून ‘पार होऊ’ असा विचार कुणी करू नये.

खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. कडेला थांबून पुन्हा निघालं की गाडी गरीब गाईसारखी चालते. गॅरेजमध्ये नेली तर मिस्त्री चक्कर मारून येतो आणि म्हणतो, काही नाही हो, मस्त चालतीये. मग कुणीतरी स्टिअरिंग डॅम्पर बदलायला सुचवतो. डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला आडवा जोडलेला छोटासा शॉक ॲब्सॉर्बर. तो बदलला की गाडी काही महिने शांत राहते आणि मग एके दिवशी तोच पूल, तेच थैमान. माझं या विषयात एकच म्हणणं आहे. डॅम्पर हा या रोगाचा इलाज नव्हे, तो रोग झाकणारा पडदा आहे. रोग कुठल्यातरी सांध्यात आलेल्या ढिलेपणात असतो. तो हाताने चाचपून सापडतो, पण त्यासाठी गाडीखाली झोपावं लागतं.

हा आजार सगळ्या गाड्यांना होत नाही. ज्यांची पुढची दोन्ही चाकं एकाच सलग, कडक ॲक्सलवर बसवलेली असतात त्यांनाच तो या रौद्र रूपात होतो. जीपची रँग्लर, १९८४ ते २००१ पर्यंतची जुनी चेरोकी, रॅम २५०० आणि फोर्ड एफ-२५० सारखे जड पिकअप ही अमेरिकेतली ठळक उदाहरणं. आपल्याकडे मारुतीची जिप्सी, २०२३ मध्ये आलेली जिम्नी आणि महिंद्राच्या जुन्या पाट्यांच्या जीपा याच घराण्यातल्या. रँग्लर तर आता पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातच जुळवली जाते. थारचं मात्र वेगळं आहे. २०२० नंतरच्या थारची पुढची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. थारचं स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढे सांगितलेल्यातलं निम्मंच तिला लागू पडेल. टायर, बॅलन्सिंग, व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट इथेच शोधावं.

सलग ॲक्सलमध्येच असं का व्हावं, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मोटार उद्योगाला चांगलाच छळून गेला आहे. १९२० च्या दशकात दोन नव्या गोष्टी एकदम आल्या. पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले आणि कमी हवेचे, फुगीर ‘बलून’ टायर आले. ब्रेकमुळे पुढच्या ॲक्सलचं वजन वाढलं आणि मऊ टायरमुळे चाक बाजूला लवचिक झालं. त्या काळी साध्या कारलाही सलगच ॲक्सल असायचा, त्यामुळे चांगल्या-चांगल्या गाड्यांची पुढची चाकं नाचायला लागली. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रूलिए या इंजिनिअरने १९२५ मध्ये या नाचण्यावर निबंध लिहिला. टायर बाजूला ढकलला गेला की रस्त्यावर नेमका कसा वागतो, याचा विचार त्यात होता आणि पुढच्या टायरशास्त्राचा पाया त्यात सापडतो. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली यांनी १९३० नंतर या प्रश्नाचा नादच लावून घेतला. शेवटी १९३४ च्या गाड्यांमध्ये जनरल मोटर्सने सलग ॲक्सलच काढून टाकला आणि पुढची चाकं स्वतंत्र केली. आरामदायी प्रवास हे त्याचं जाहिरातीतलं कारण होतं, पण चाकांचं नाचणं थांबवणं हेही तितकंच महत्त्वाचं होतं. म्हणजे कारवाल्यांनी हा प्रश्न सोडवला नाही, त्याचं मूळच उपटून फेकलं. जीपसारख्या गाड्यांनी दगडधोंड्यांतल्या ताकदीसाठी आणि चाकाच्या खालीवर होण्याच्या मोकळिकीसाठी ॲक्सल ठेवला, आणि त्याच्याबरोबर हा जुना आजारही.

आता त्याची यंत्रणा. फिरणारं जड चाक भोवऱ्याचे नियम पाळतं. त्याचा आस एका दिशेला कलवायला गेलं की ते काटकोनातल्या दिशेला वळू पाहतं. डावं चाक उंचवट्यावर चढलं की सलग ॲक्सल कलतो. ॲक्सल कलला म्हणजे दोन्ही चाकांचे आस कलले, आणि त्याबरोबर दोन्ही चाकं उजवीकडे वळायला धडपडतात. चाकं वळली की टायरचं रस्त्याला घासणं त्यांना परत ओढतं, तीही जरा जास्तच. त्या परत वळण्याने ॲक्सल उलट बाजूला कलतो. कलण्यातून वळणं आणि वळण्यातून कलणं, असा फेरा सुरू होतो. स्वतंत्र चाकांच्या गाडीत चाक बहुतांशी सरळ वर-खाली होतं, आस फारसा कलत नाही, म्हणून हा फेरा जुळूनच येत नाही.

नीट घट्ट असलेल्या गाडीत हा फेरा दर आवर्तनाला थोडी शक्ती गमावतो. रबरी बुश, टायर, शॉक ॲब्सॉर्बर आणि सांध्यातलं घर्षण ती खाऊन टाकतात आणि दणका जिरतो. ढिल्या गाडीत हिशेब उलटतो. दर आवर्तनाला घर्षण जेवढी शक्ती खातं त्याहून जास्त शक्ती धावत्या गाडीच्या वेगातून आत येते. म्हणून ते हलणं आपलं आपण पोसलं जातं. बाहेरून नवीन दणका लागत नाही, रस्ता गुळगुळीत असला तरी चालतं. वेग उतरला की खुराक बंद होतो आणि सगळं थांबतं. मिस्त्रीला काही सापडत नाही याचंही कारण हेच. फेरा सुरू करणारा दणका त्याच्या चकरेत बसलेलाच नसतो.

वेग साधारण ठरावीक का, तेही याच्याशी जोडलेलं आहे. ३३ इंची टायरचा परीघ सुमारे २.६ मीटर. ताशी ७५ किलोमीटरला तो सेकंदाला जवळजवळ आठ वेळा फिरतो. स्टिअरिंगसकट पुढच्या चाकांचा स्वतःचा हलण्याचा ताल अशाच काही आवर्तनांच्या आसपास असतो. टायरमध्ये थोडा असमतोल असला तर तो नेमक्या तालावर टिचक्या मारत राहतो. मग दणका लहान असला तरी पुरतो.

इथे कारण आणि निमित्त यांत गफलत होते. टायरचा असमतोल, खड्डा, पुलाचा सांधा ही निमित्तं. ढिला सांधा हे कारण. नवे टायर टाकले आणि वॉबल थांबलं, अशा कहाण्या जीपवाल्यांत पुष्कळ ऐकायला मिळतात आणि त्या खोट्या नसतात. निमित्त काढून घेतलं, एवढाच त्यांचा अर्थ. टायर दहा-पंधरा हजार किलोमीटर चालून पुन्हा वाकडेतिकडे झिजले की कारण जागच्या जागी हजर असतं.

तपासणी गाडीखाली शिरण्याआधी, तोंडी सुरू होते. चालवणाऱ्याला नीट विचारायचं. गुळगुळीत रस्त्यावर ताशी ८० ला थरथर येते आणि ९५ ला जाते का? मग तो बहुधा बॅलन्सिंगचा किंवा वाकड्या रिमचा मामला, खरं वॉबल नव्हे. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरते का? मग डिस्क बघा. ताशी ३० लाच गाडी लंगडल्यासारखी हलते का? टायरच्या आतला पट्टा सुटून फुगवटा आलेला असू शकतो, टायरवरून हात फिरवला तरी तो लागतो. थरथर नाही, पण गाडी रस्त्यावर इकडून तिकडे भटकते? तो कॅस्टर, टो किंवा स्टिअरिंग बॉक्सचा प्रश्न. आणि दणका बसल्यावरच उसळतं, एकदा उसळलं की वेग उतरेपर्यंत थांबत नाही, असं उत्तर आलं तर मात्र पुढची कपडे मळवणारी तपासणी करायची.

टायरची हवा आणि बॅलन्सिंग आधी उरकून घ्यावं, स्वस्त आहे. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून बघणं तर फुकटच. फरक पडला तर टायरचा हात आहे हे कळतं, पण तिथेच थांबायचं नाही.

यानंतरची चाचणी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीची केली जाणारी. गाडी जॅकवर चढवायची नाही. चाकं जमिनीवर आणि पूर्ण वजन त्यांच्यावर हवं. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ओंडके. डॅम्परचं एक टोक सोडून बाजूला करायचं, म्हणजे तो ढिलेपणा झाकणार नाही. मदतनीस आत बसून स्टिअरिंग घड्याळातल्या दहापासून दोनपर्यंत, डावी-उजवीकडे, भरभर हलवत राहतो. गाडी सरकत नाही, चाकं रस्त्याला चिकटून अडतात आणि सगळा ताण सांध्यांवर येतो. तुम्ही खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. चांगला सांधा दोन्ही भाग एकदम हलवतो. गेलेल्या सांध्यात एक भाग आधी हलतो, दुसरा क्षणभर मागून येतो आणि त्या फटीतली बारीक ‘टक’ हाताला कळते. डोळ्याला बऱ्याचदा काहीच दिसत नाही. गाडी लिफ्टवर चढवून चाकं लोंबकळत असताना हे केलं तर चाकं अडत नाहीत, ताण येत नाही आणि सगळं ठणठणीत वाटतं. किती गाड्या अशा तपासणीत पास होऊन पुन्हा पुलावर नाचल्या असतील!

हात पहिल्यांदा कुठे ठेवायचा? कॉइल स्प्रिंगच्या जीपमध्ये ट्रॅक बारवर. याला पॅनहार्ड रॉडही म्हणतात. हा आडवा दांडा एका टोकाला चॅसीला आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलला बांधलेला असतो. ॲक्सलने डावी-उजवीकडे सरकू नये हे त्याचं एकमेव काम. कॉइल स्प्रिंगला बाजूचा आधार देता येत नाही, त्यामुळे सगळा भार याच्यावर. त्याच्या जवळून, जवळजवळ समांतर, ड्रॅग लिंक जाते. ती चॅसीवरच्या स्टिअरिंग बॉक्सपासून निघून चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्याच्यासकट वळतं त्या भागाला, जोडलेली असते. आता समजा ट्रॅक बारच्या बोल्टमध्ये दोन मिलिमीटरचा प्ले आला. ॲक्सल दोन मिलिमीटर बाजूला सरकला, पण ड्रॅग लिंकचं बॉक्सकडचं टोक जागच्या जागी राहिलं. म्हणजे कुणी स्टिअरिंग न फिरवता चाकं वळली. वळलेल्या चाकांनी टायरचा जोर लावून ॲक्सल उलट ढकलला, तो तेवढाच उलट गेला, चाकं उलट वळली. भोवऱ्याच्या फेऱ्याला लागणारी बाजूची मोकळीक अशी आयती मिळते. म्हणूनच अनुभवी लोक बाकी कशाआधी ट्रॅक बार बघतात. कॉइलच्या गाडीत दोषी तोच असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, असं माझंही मत आहे.

ट्रॅक बारमध्ये बघायचं काय? एका टोकाचा रबरी बुश फाटला आहे का, जुन्या चेरोकीसारख्या गाड्यांत चॅसीकडच्या टोकाला असलेला बॉल जॉइंट सैल आहे का, आणि बोल्टचं भोक. हे भोक फार दगाबाज. बोल्ट एकदा ढिला राहिला की तो दर दणक्याला भोकाच्या कडा खात जातो आणि गोल भोक लंबगोल होतं. मग बोल्ट कितीही आवळला तरी तो सरकणारच. नवा ट्रॅक बार आणून जुन्या लंबगोल भोकात बसवला तर पैसे पाण्यात. भोवतीच्या लोखंडावर गंजाची लालसर भुकटी किंवा घासून चकचकीत झालेला पट्टा दिसला तर तिथे हालचाल होत आली आहे हे नक्की. उपाय म्हणजे ब्रॅकेटवर योग्य मापाच्या भोकाची जाड पट्टी वेल्ड करणं किंवा भोक नेटकं मोठं करून नेमक्या मापाचा बोल्ट घालणं. २००७ ते २०१८ च्या जेके रँग्लरमध्ये मूळ बोल्ट १४ मिलिमीटरचा, आणि भोकात त्याला जरा जागा राहते. त्यामुळे तिकडचे लोक ९/१६ इंची, म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटरचा बोल्ट घालतात. ०.३ मिलिमीटर! पण या आजारात एवढ्याशा फटीचाही हिशेब लागतो.

आवळणं हाही एक विषयच. रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळला तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. म्हणून शेवटचा पीळ गाडी चाकांवर उभी करून, टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला द्यायचा. पाय देऊन पाना दाबायचा आपला राष्ट्रीय टॉर्क इथे चालत नाही.

ट्रॅक बारनंतर टाय रॉड, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र वळवणारा दांडा, आणि ड्रॅग लिंक यांचे एंड. ते त्याच चाचणीत हाताला कळतात. टाय रॉड स्वतःभोवती थोडा गोल फिरतो, तो दोष नव्हे, सांध्याचं तसं असणंच अपेक्षित आहे. एंडच्या पिनेने वर-खाली उचलणं किंवा बाजूला टक करणं हा दोष. मग स्टिअरिंग बॉक्स. तो चॅसीवर हलतो का, त्याचे बोल्ट ढिले आहेत का, त्याच्याभोवती चॅसीला चीर आहे का. जुन्या चेरोकीत ही चीर पडते हे सर्वज्ञात आहे. त्यानंतर ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या कंट्रोल आर्मचे बुश.

आता कुठे गाडी जॅकवर घ्यायची. जॅक ॲक्सलखाली, चाक जमिनीपासून जरासं वर. टायरखाली पहार घालून वर उचलायची. चाक वर-खाली खडखडलं तर बॉल जॉइंट गेलेला. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवला आणि प्ले लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. मदतनीसाने ब्रेक दाबल्यावर तो प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग समजावं. डावी-उजवीकडे धरून हलवलं तर टाय रॉड एंडचा प्लेही त्यात मिसळतो, म्हणून एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने सांधे पाहायचे.

जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपमध्ये ट्रॅक बार नाही. तिथे ॲक्सलला बाजूने धरून ठेवायचं काम पाटेच करतात. म्हणून पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि पाट्यांना मधोमध धरणारा सेंटर बोल्ट बघायचा. तो तुटला तर ॲक्सल पाट्यावर सरकू शकतो. या गाड्यांत बॉल जॉइंटऐवजी किंगपिन असते. जिप्सीत तिच्या बेअरिंगवर ठरावीक दाब असावा लागतो आणि तो पातळ पत्र्याच्या शिम कमी-जास्त करून साधतात. तो दाब हाताच्या अंदाजाने ठरवायचा नसतो. ड्रॅग लिंक सोडून नकलला स्प्रिंग बॅलन्सचा काटा लावायचा आणि तो किती किलोला हलू लागतो ते मोजायचं. नदी-नाले, चिखल यांतून फिरणाऱ्या जिप्सीचं सील फाटलं की पाणी आत जातं, बेअरिंग झिजतं, दाब संपतो. जुन्या विलीस घराण्यातल्या जीपांत मध्ये बेल क्रँक नावाचा आणखी एक सांधा असतो. तो झिजला तर प्ले दोन्ही चाकांना मिळतो. जिम्नीला कॉइल स्प्रिंग आहेत आणि ॲक्सलला आडवा दांडाही, त्यामुळे तिला वरचं रँग्लरचं वर्णन बरंचसं लागू पडतं.

सांधे घट्ट निघाले तर भूमितीकडे वळायचं. चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस वरून जरा मागे कललेला असतो. त्या कलाला कॅस्टर म्हणतात आणि त्याच्यामुळे स्टिअरिंग सोडलं की सरळ होतं. कॅस्टर फार कमी झाला तर चाकं हॉस्पिटलमधल्या स्ट्रेचरच्या पुढच्या चाकासारखी वाटेल तशी फडफडतात. जेकेच्या आधीच्या टीजे रँग्लरसाठी कंपनीचा आकडा सुमारे ७ अंश, जेकेसाठी ४ च्या थोडा वर. ‘लिफ्ट किट’ लावून गाडी उंच केली की कंट्रोल आर्म खाली झुकतात, ॲक्सल गोल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. लांबी बदलता येणारे आर्म घालून तो परत मिळवता येतो, पाट्यांच्या गाडीत पाट्याखाली पाचरी घालून. पण जास्त कॅस्टर म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. मर्यादेपलीकडे तो स्वतःच चाकं नाचवायला मदत करतो, शिवाय पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो.

टो म्हणजे दोन्ही चाकांची नाकं किंचित आत वळलेली असणं. घरीही टेप धरून मोजता येतो. टायरच्या मध्यरेषेत पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी असावं, टायर मोठे असतील तर जरा जास्त फरक चालतो. टीजे आणि जुन्या चेरोकीत टाय रॉड थेट ड्रॅग लिंकवर बसवलेला असतो, त्यामुळे गाडी उंच केली की टो आपोआप बदलतो. लिफ्टनंतर टो न जुळवता गाडी रस्त्यावर आणणं हा दुकानदारांचा ठरलेला आळस. त्यात ड्रॅग लिंक जुळवून स्टिअरिंग मध्यावर आणलं नाही, तर जेकेमधली इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली गाडी वळते आहे असं समजून भलत्या वेळी ब्रेकही लावते.

लिफ्टचा आणखी एक त्रास असा की ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक दोन्ही तिरके होतात. दोघांचा कोन सारखा राहिला तर निभतं. एकालाच सरळ करून दुसरा तसाच ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला चाकं आपोआप वळतात. वर ३५ इंची मड टेरेन टायर, नुसता टायरच तीस किलोंच्या घरात. भोवरा जड झाला म्हणजे वळवण्याचा जोरही वाढला, आणि तो सोसायला बुश मात्र तेच. चाक बाहेर आणणारे स्पेसर लावले की रस्त्याचा प्रत्येक धक्का जास्त लांब तरफेने स्टिअरिंगला लागतो. दिसायला गाडी झकास होते, याबद्दल वाद नाही.

डॅम्परचा अमेरिकेतला किस्सा इथे सांगायला हवा. २०१८ मध्ये आलेल्या जेएल रँग्लरचे मालक नव्याकोऱ्या गाड्या नाचताहेत म्हणून तक्रारी करू लागले. थंडीत तक्रारी वाढल्या. २०१९ मध्ये कंपनीने नव्या रचनेचा डॅम्पर बसवून द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मालकांनी डेट्रॉइटच्या न्यायालयात सामूहिक दावा लावला, आणि पुढे तडजोड झाली ती डॅम्परची हमी ८ वर्षं किंवा ९०,००० मैल करण्यावर. कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. सलग ॲक्सलच्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं हे खरं, आणि फेऱ्यातली शक्ती खाणारा डॅम्पर ठीक असावा हेही खरं. नव्या गाडीत सांधे घट्ट असताना तो पुरेसाही ठरेल. पण ८० हजार किलोमीटर चाललेल्या, उंच केलेल्या जीपला हाच उपाय लावला तर ढिला सांधा डॅम्परच्या आड आणखी काही महिने झिजत राहतो. वॉबलचा प्रत्येक झटका बाकीच्या सांध्यांनाही ठोकत असतो. आधी फक्त ट्रॅक बार गेलेला असतो. पाच-सात झटक्यांनंतर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडही जातात, मग नेमका पहिला दोषी कोण हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तीही प्ले हाताला लागला असेल तरच. एकदम सगळं बदललं तर गाडी कदाचित सुधारेल, पण कशाने सुधारली ते कळणार नाही आणि बिल मात्र कळेल. दुरुस्तीनंतर पूर्वी ज्या पुलावर, ज्या वेगाला गाडी नाचायची तिथेच, मागेपुढे गर्दी नसताना, कमी वेगापासून चढत जाऊन बघायचं. पाच-सातशे किलोमीटर झाल्यावर ट्रॅक बार, कंट्रोल आर्म आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे. आवळून झाल्यावर प्रत्येक नटपासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली तर पुढच्या वेळी पानासुद्धा लावावा लागत नाही. टॉर्च घेऊन खाली वाकायचं, रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे.